ऊन, थंडी आणि मृत्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापमानाचा मृत्यूंशी काय संबंध, याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन उत्तरं एकमेकांना लागून आहेत तिथे क्रमांक दिला आहे. सगळं तापमान अंश सेल्सिअसमध्ये.

१. जास्त माणसं उष्णतेनं मरतात की थंडीनं?

थंडीनं, आणि फरक थोडाथोडका नाही. १३ देशांतल्या ३८४ ठिकाणच्या ७ कोटी ४० लाखांहून अधिक मृत्यूंचा अभ्यास २०१५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सुमारे ७.७ टक्के मृत्यूंमागे तापमानाचा हात दिसला. एकूण मृत्यूंपैकी ७.३ टक्के थंडीचे, उष्णतेचे जेमतेम ०.४ टक्के. २०२१ साली आलेल्या जागतिक अंदाजानुसार तापमानामुळे वर्षाला साधारण ५१ लाख मृत्यू होतात आणि उष्णतेच्या एका मृत्यूमागे थंडीचे नऊ पडतात.

पण या आकड्यांवरून उष्णता सौम्य आहे असं समजू नका. थंडीचे मृत्यू महिनोन्‌महिने थेंबाथेंबानं होतात, उष्णता चार दिवसांत हिशेब उरकते. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांवर जादा मृत्यू झाले. एकट्या फ्रान्समध्ये ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे १५ हजार. शवागारं भरली तेव्हा पॅरिसजवळच्या घाऊक बाजारातल्या शीतगृहात मृतदेह ठेवावे लागले.

२. बातमीत उष्माघाताचे शंभर बळी असतात आणि अभ्यासात हजारो. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. बातमीतला आकडा मृत्यूच्या दाखल्यावरून येतो. डॉक्टरनं ‘उष्माघात’ लिहिलं तर तो मृत्यू मोजला जातो. पण उकाड्यात हृदय बंद पडलेल्या सत्तरीतल्या माणसाच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलं जातं, आणि ते चूकही नसतं.

अभ्यासक उलट बाजूनं मोजतात. एरवी त्या शहरात त्या आठवड्यात किती माणसं दगावतात आणि यंदा किती दगावली, एवढंच बघायचं. वरचे ते ‘जादा मृत्यू’. जुलै १९९५ च्या लाटेत शिकागो परिसरात दाखल्यांवरून ४६५ मृत्यू उष्णतेचे ठरले, जादा मृत्यू मात्र ७०० हून अधिक निघाले. त्या वेळी महापौरांनी मोजणीवरच शंका घेतली होती. असं जवळपास प्रत्येक मोठ्या लाटेनंतर कुठे ना कुठे घडतं.

थंडीचं मोजमापही असंच होतं. शरीर गारठून झालेले मृत्यू दाखल्यावर फार थोडे सापडतात.

३. ज्या तापमानाला सर्वांत कमी माणसं मरतात, असं एखादं तापमान आहे का?

प्रत्येक गावाचं वेगळं आहे. आडव्या रेषेवर तापमान आणि उभ्या रेषेवर मृत्यू मांडले की एक खोलगट वक्र मिळतो. त्याचा तळ म्हणजे त्या ठिकाणचं ‘किमान मृत्यूचं तापमान’. तळापासून उजवीकडे रेषा झपकन वर जाते, डावीकडे हळूहळू चढते.

आता मेख पाहा. वर्षाचे दिवस सर्वांत थंडपासून सर्वांत उष्णपर्यंत रांगेत लावले, तर समशीतोष्ण देशांत हा तळ शंभरातल्या ऐंशी ते नव्वदाव्या जागी येतो. उष्ण प्रदेशांत साठाव्याच्या आसपास. म्हणजे लंडनसारख्या शहरात वर्षाचे बहुतेक दिवस हिशेबानं ‘थंड’ ठरतात, मग त्यात अंगावर साधा स्वेटर पुरेल असा दिवसही आला. प्रश्न १ मधला थंडीचा भलामोठा आकडा मुख्यतः अशाच सौम्य दिवसांचा आहे. दर दिवशी धोका किंचित वाढतो, पण असे दिवस शेकड्यांनी असतात. कडाक्याची थंडी आणि रणरणतं ऊन मिळून २०१५ च्या त्या अभ्यासात एकूण मृत्यूंच्या ०.९ टक्क्याच्याही आत आले.

थंडीचे मृत्यू म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो. आकडेवारीत असतो तो फेब्रुवारीतला एखादा ढगाळ मंगळवार.

४. उष्णतेनं मरतो म्हणजे माणूस नेमका कशानं मरतो?

बहुतेक वेळा हृदयानं. शरीराला आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. बाहेर तापलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर सोडायला रक्त तिकडे धावतं. हृदयाला जास्त वेगानं जास्त रक्त ढकलावं लागतं. त्याच वेळी घामावाटे पाणी जाऊन रक्त घटत असतं. धडधाकट हृदय हे ओढून नेतं, थकलेलं हृदय तिसऱ्या दिवशी हार मानतं.

दुसरी वाट मूत्रपिंडांची. पाणी कमी पडलं की ती आधी कुरकुरतात.

तिसरी वाट आतड्यांतून जाते आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. रक्त कातडीकडे वळवल्यामुळे आतड्यांना ते कमी मिळतं, त्यांचं अस्तर झिरपू लागतं आणि आतल्या जिवाणूंची विषं रक्तात उतरतात. पुढे जंतुसंसर्गात होते तशी अंगभर दाहाची लाट उठते, रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात, एकेक अवयव मान टाकतो. आतलं तापमान ४० च्या पुढे आणि सोबत बरळणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं, हे झालं की तो उष्माघात. इथून मागे फिरायला तास नव्हे, मिनिटं असतात (पाहा प्रश्न ११).

५. मी उन्हात जातच नाही, दिवसभर घरी असतो. मग भीती नाही ना?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अभूतपूर्व लाट आली. लिटन गावात पारा ४९.६ वर गेला. प्रांताच्या मृत्यू-चौकशी विभागानं ६१९ मृत्यू उष्णतेचे ठरवले. त्यातले ९८ टक्के लोक घराच्या किंवा इमारतीच्या आत होते. दोन तृतीयांश सत्तरी ओलांडलेले, निम्म्याहून अधिक एकटे राहणारे. बऱ्याच घरांत थंडाव्याची काही सोयच नव्हती.

भिंती आणि छत दिवसभर उष्णता पितात आणि रात्री खोलीत सोडतात. वरच्या मजल्यावर हे अधिक. रात्री बाहेर गारवा आला तरी चोरीच्या भीतीनं किंवा डासांमुळे खिडकी बंद असेल, तर आत पहाटेपर्यंत उकडत राहतं आणि हृदयाला विसावा मिळत नाही. दुपारच्या कमाल तापमानावर आपण फार बोलतो. माझ्या मते घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा आहे.

शिवाय उतारवयात तहानेची जाणीव बोथट होते आणि घामही कमी येतो. ‘मला काही गरम होत नाही’ हे ऐंशीतल्या माणसाचं वाक्य दिलासा म्हणून घेऊ नये.

६. थंडीत हार्ट अटॅक आणि पक्षाघात का वाढतात?

गारठ्यात शरीर प्रश्न ४ च्या बरोबर उलट वागतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत ओढलं जातं, रक्तदाब चढतो. आत रक्त जास्त झालंय असं समजून मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकतात. थंडीत सारखं लघवीला लागतं ते त्यामुळेच. मागे राहिलेलं रक्त दाट होतं, गुठळी धरायला तयार होतं. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याला एवढं पुरतं. बर्फ उपसण्यासारखं अचानक जोरकस काम पडलं तर आणखीच.

दुसरा मार्ग छातीचा. थंड, कोरड्या हवेत श्वासनलिकेची स्वतःला साफ ठेवण्याची यंत्रणा मंदावते, दमेकऱ्यांची नळी आवळते, फ्लूचे विषाणू कोरड्या हवेत जास्त वेळ तग धरतात आणि माणसं दारं-खिडक्या लावून एकमेकांजवळ बसतात. बंद खोलीत कोळसा पेटवून झोपण्यामुळे होणारे कार्बन मोनॉक्साइडचे मृत्यू वेगळेच. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो झोपेतच गाठतो.

७. मग हिवाळ्यातले मृत्यू थंडीचे की फ्लूचे?

दोन्ही, आणि त्यांची वाटणी करणं अभ्यासकांनाही जड जातं. ऋतू आणि तापमान या दोन गोष्टी एकत्र चालतात. अमेरिका आणि फ्रान्समधल्या ३९ शहरांच्या २०१५ सालच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की हिवाळ्यात मृत्यू वाढतात त्यात प्रत्यक्ष गारठ्याचा वाटा समजतो तेवढा मोठा नसावा. हिवाळा उबदार गेला तरी तिथे मृत्यू फारसे घटले नव्हते. थंडीच्या आकड्यांकडे थोडं हात राखून पाहावं, असं माझं मत आहे ते यामुळेच. उष्णतेच्या बाबतीत असा संशय घ्यायला जागा कमी आहे.

८. लाट ओसरली की धोका संपला?

उष्णतेचा बराचसा. तिचा परिणाम त्याच दिवशी सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत बहुतांश दिसून जातो. थंडी मात्र रेंगाळते, गारठ्याच्या एका दिवसाचे मृत्यू पुढच्या तीन आठवड्यांपर्यंत पसरलेले सापडतात. गुठळी व्हायला वेळ लागतो, सर्दीचा न्यूमोनिया व्हायलाही लागतो.

९. ४५ अंशांचं कोरडं ऊन वाईट की ३५ अंशांचा दमट उकाडा?

दमट उकाडा धोकादायक ठरू शकतो, कारण घाम येणं पुरेसं नसतं, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळला तर काहीच नेत नाही.

कोरड्या हवेत माणूस काय सोसतो याचा जुना दाखला आहे. १८ व्या शतकात चार्ल्स ब्लॅग्डन हे डॉक्टर १२० अंशांहून अधिक तापवलेल्या खोलीत काही मिनिटं थांबले. सोबत मांसाचा तुकडा, अंडी आणि पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत ठेवलेला एक कुत्रा. मांस शिजलं, अंडी घट्ट झाली. डॉक्टर आणि कुत्रा धडपणे बाहेर आले. १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे छापून आलं. अर्थात ती काही मिनिटं होती आणि शरीरात पाणी होतं. दिवसभराच्या उन्हाला हा हिशेब लावू नका.

दोन्ही गोष्टी एकत्र मोजायला ‘वेट बल्ब’ तापमान वापरतात: तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून, हवा खेळती ठेवून घेतलेला आकडा. तो ३५ झाला की घाम निरुपयोगी ठरतो आणि निरोगी माणूसही काही तासांत दगावेल, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांना खोलीत बसवून प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत त्यांच्या शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागला. म्हाताऱ्यांची मर्यादा त्याहून खाली.

१०. पंखा पुरतो का?

हवा कातडीहून थंड असेल तोवर छान. ४० च्या पुढे पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे की तिथे त्यावर विसंबू नये. अंग ओलं करून पंख्याखाली बसलात तर गोष्ट वेगळी. मग सुकायला पाणी मिळतं. ज्यांना घामच कमी येतो त्यांना ही युक्ती जास्त लागू पडते.

११. समोर कुणाला उष्माघात झाला तर आधी काय करायचं?

आधी गार करायचं, मग हलवायचं. रुग्णवाहिकेला फोन करा आणि ती येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत घ्या, जाडे कपडे काढा, भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. मैदानावर किंवा कामावर कोसळलेल्या तरुणाला गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवता आलं (कुणीतरी धरून ठेवायला हवं) तर त्याहून प्रभावी काही नाही. ‘थंड पाण्यानं झटका येईल’ या भीतीत मोलाची मिनिटं जातात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका. हा ताप मेंदूनं चढवलेला नसतो, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही.

१२. तरुण, कष्टाची सवय असलेल्या माणसाला काय होणार?

त्याला वेगळ्या प्रकारचा उष्माघात होतो. इथे उष्णता बाहेरून येते तशी स्नायूंतूनही येते, आणि तासाभरात ठणठणीत माणूस कोसळतो. शेतमजूर, बांधकामावरचे लोक, सैनिक, लांब पल्ल्याचे धावपटू. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की उघड्यावर काम करताना उष्णतेनं झालेले निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात. शरीर उष्णतेला सरावायला आठवडा ते दोन आठवडे घेतं: घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. सुटीवरून परतलेला जुना माणूसही या बाबतीत नवखाच.

हंगामाची पहिली लाट नंतरच्या तितक्याच तीव्र लाटेपेक्षा जास्त बळी घेते, त्याचंही एक कारण हेच.

१३. रक्तदाबाची, मनोविकाराची औषधं चालू आहेत. उन्हाळ्यात बंद करू का?

मनानं बंद करू नका. पण डॉक्टरांशी उन्हाळ्याआधी बोला. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी घटवतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधं हृदयाला वेग घेऊ देत नाहीत. काही मनोविकारांची औषधं आणि ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या घाम रोखतात. मात्रा बदलायची की पाणी वाढवायचं, हे ज्याचं त्याला वेगळं.

१४. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटं ठेवलं तर?

नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान ११ अंशांनी वाढू शकतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

१५. उष्णतेनं मरतात ते दोन-चार दिवसांत जाणारेच होते, असं म्हणतात. खरं?

थोडं खरं. काही लाटांनंतर पुढचे काही आठवडे मृत्यू सरासरीच्या खाली जातात. म्हणजे काहींचा मृत्यू थोडा अलीकडे ओढला गेला होता. पण फ्रान्समध्ये २००३ नंतर अशी भरपाई करणारी घट जवळजवळ दिसलीच नाही. आणि प्रश्न १२ मधला मजूर कुठल्याच अर्थानं ‘जाणारा’ नव्हता. हा युक्तिवाद सहसा काही करायचं टाळण्यासाठी पुढे येतो, एवढं नोंदवून ठेवतो.

१६. मग सर्वांत थंड देशांत हिवाळ्यात सर्वाधिक मृत्यू होत असतील?

उलट! १९९७ च्या युरोपीय अभ्यासात पारा १८ च्या खाली एकेक अंश उतरताना मृत्यू अथेन्समध्ये २.१५ टक्क्यांनी वाढले, दक्षिण फिनलंडमध्ये फक्त ०.२७ टक्क्यांनी. पोर्तुगाल, स्पेन, आयर्लंडमध्ये हिवाळ्यातली वाढ स्कँडिनेव्हियापेक्षा जास्त सापडत आली आहे. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये तर १९९८ सालच्या अभ्यासात उणे ४८ पर्यंत एकूण मृत्युदर वाढलेला दिसला नाही. श्वसनविकारांचे मृत्यू मात्र वाढले.

कारण घरात आणि अंगावर आहे. जिथे थंडी जीवघेणी हे सगळ्यांना माहीत असतं तिथे भिंती जाड, खोल्या उबदार आणि बाहेर पडताना टोपी-हातमोज्यांसकट कपड्यांचे थर. जिथे ‘आमच्याकडे कुठे एवढी थंडी’ असं म्हणतात तिथे घराच्या फटींतून वारा आत येतो आणि अंगावर एक शर्ट.

१७. पृथ्वी तापतेय तर थंडीचे मृत्यू कमी होतील. एकूण फायदाच नाही का?

थंड देशांत काही काळ थोडा फायदा दिसू शकेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीन अडचणी. थंडीचे मृत्यू तापमानासोबत सरळ घटतील हे प्रश्न ७ मुळे पक्कं नाही. प्रश्न ३ मधला वक्र उजवीकडे खडा आहे, त्यामुळे प्रत्येक वाढीव अंश आधीच्यापेक्षा महाग पडतो. आणि ज्यांना फायदा होईल ते देश आणि ज्यांना फटका बसेल ते देश एकच नाहीत. ४३ देशांतल्या ७३२ ठिकाणांच्या अभ्यासानुसार १९९१ ते २०१८ मध्ये उष्णतेनं झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३७ टक्के मानवनिर्मित तापमानवाढीचे होते.

१८. इशारे आणि योजनांनी मृत्यू खरोखर कमी होतात का?

होतात, आणि ते मोजलेलं आहे. २००३ च्या धक्क्यानंतर फ्रान्सनं इशाऱ्यांची यंत्रणा उभारली. २००६ च्या लाटेत जुन्या अनुभवावरून सुमारे ६,४०० जादा मृत्यू अपेक्षित होते, झाले दोन हजारांच्या आसपास. अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३४४ जादा मृत्यू झाले. २०१३ मध्ये तिथे दक्षिण आशियातली पहिली शहरी उष्णता कृती योजना आली आणि नंतरच्या अभ्यासात वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. अमेरिकेत १९६० नंतर अतिउष्ण दिवसांतले मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले, त्यात घरोघरी आलेल्या एसीचा वाटा सर्वांत मोठा होता. (वीज गेली की तो वाटाही जातो.)

१९. थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते, ते बरं नाही का?

ऊब वाटते, येत नाही. दारूनं कातडीतल्या वाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता बाहेर पळते. हुडहुडी कमी होते, भानही राहत नाही.

२०. गारठून मेलेली माणसं कधी कधी कपडे काढलेल्या अवस्थेत का सापडतात?

पोलीस अनेकदा घातपाताचा संशय घेतात, पण हे गारठ्याच्या शेवटच्या टप्प्यातलं ओळखीचं लक्षण आहे. आवळून ठेवलेल्या रक्तवाहिन्या थकून अचानक सैल पडतात, रक्त कातडीकडे येतं, आणि गोंधळलेल्या मेंदूला आगीसारखं गरम वाटतं, असा समज आहे.

२१. थंडगार पडलेल्या माणसाची नाडी लागत नाही. मेला समजायचं का?

नाही, इथे नेहमीचा नियम चालत नाही. शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की थंडीचा आघात सुरू होतो. २८ च्या खाली नाडी आणि श्वास इतके मंद होतात की हाताला लागत नाहीत. पण गारठलेल्या मेंदूला प्राणवायूही फार थोडा पुरतो. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या एका महिला डॉक्टरचं तापमान १३.७ पर्यंत उतरलं होतं, हृदय थांबलं होतं. यंत्रावर रक्त हळूहळू गरम करत नेलं, ती वाचली आणि पुढे कामावर परतली. म्हणून अशा माणसाला अलगद, आडवंच हलवतात, कारण गारठलेलं हृदय धक्क्यानं लय सोडतं. हातपाय चोळत नाहीत. श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू ठेवतात, आणि मृत घोषित करायचं ते रुग्णालयात अंग उबदार केल्यानंतरच.